१५ एप्रिल हुकला, ११ नोव्हेंबरही हुकला: एका रिलीजचं वेळापत्रक

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी आमच्या ओपन सोर्स प्रकल्पाची ३.० आवृत्ती बाहेर पडली. सबटायटलच्या फाइलींमधल्या वेळा आवाजाशी जुळवून देणारं हे एक छोटं साधन आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, कमांड लाइनवर चालणारं, शिवाय ज्यांना कमांडचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी एक साधी खिडकी असलेलं. मर्ज करायचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घ्यायचा, अधिकार असलेले आम्ही चौघं, वर्षाकाठी एखादी तरी पुल रिक्वेस्ट (बदल आत घेण्याची विनंती) पाठवणारे वीसेक जण आणि चौदा भाषांचे भाषांतरकार. पगार कोणालाच नाही. याआधीची २.६ आवृत्ती आली होती मार्च २०२३ मध्ये. मधली अडीच वर्षं आम्ही 'लवकरच' या एका शब्दावर काढली.

हे लिहितोय ते असाच छोटा प्रकल्प सांभाळणाऱ्यांसाठी. मोठ्या प्रकल्पांची वेळापत्रकं सगळीकडे वाचायला मिळतात, पण त्यांच्याकडे रिलीज मॅनेजर असतो. आमच्याकडे तो नव्हता. मला ते काम मिळालं ते कॉलवर मी सगळ्यात जास्त वेळ गप्प बसलो म्हणून.

सुरुवात झाली जानेवारी २०२५ मध्ये, एका ईमेलने. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आमचं पॅकेज सांभाळणाऱ्या एक स्वयंसेविका आहेत. त्यांनी विचारलं, "पुढची आवृत्ती कधी? ट्रिक्सीचा सॉफ्ट फ्रीज १५ एप्रिलला आहे." ट्रिक्सी ही डेबियनची तेव्हा येऊ घातलेली स्थिर आवृत्ती. अशी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तिच्याआधी टप्प्याटप्प्याने दारं बंद होत जातात. सॉफ्ट फ्रीजनंतर नेमक्या, लहान दुरुस्त्या तेवढ्या चालतात. दोन वर्षांचे बदल भरलेली नवी आवृत्ती त्यात बसणं शक्यच नव्हतं. मी उत्तर पाठवलं, "फेब्रुवारीअखेर नक्की."

त्या 'नक्की'ला कसलाच आधार नव्हता. आमच्या माइलस्टोनवर, म्हणजे ३.० साठीच्या यादीत, तेव्हा ६१ इश्यू (नोंदवलेली कामं आणि बग) होते. मी मनातल्या मनात दर आठवड्याला आठ असा भागाकार केला होता. प्रत्यक्षात दोन बंद व्हायचे आणि कोणीतरी 'हेही ३.० मध्ये घेऊन टाकू' म्हणून तीन नवे चिकटवायचं. कारण सरळ होतं: पुढची आवृत्ती कधी येईल याची कोणालाच खात्री नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला आपलं काम याच गाडीत चढवायचं होतं. शेवटची एसटी असल्यासारखी सगळ्यांची झुंबड. हे तेव्हा कळलं नाही. तेव्हा फक्त यादी वाढतेय एवढंच दिसत होतं.

१५ एप्रिलला यादी आधीपेक्षा लांबच होती. मी बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "ठीक आहे, मग २.६ च जाईल."

त्या ओळीचा अर्थ पुढचे दोन दिवस डोक्यात उलगडत गेला. २.६ मध्ये एक बग होता, एका तासापेक्षा मोठ्या फाइलीत वेळ हळूहळू सरकत जाण्याचा. तो आम्ही जुलै २०२३ मध्येच दुरुस्त केला होता. दुरुस्ती मेन ब्रांचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेत, पडून होती, आणि वापरणारे लोक तोच बग पुन्हा पुन्हा कळवत होते. प्रत्येकाला आम्ही सांगायचो, "हे दुरुस्त झालंय, पुढच्या आवृत्तीत येईल." पुढे ट्रिक्सी ९ ऑगस्टला बाहेर पडली ती तोच बग घेऊन, आणि डेबियनच्या एका आवृत्तीला लाँग टर्म सपोर्ट धरून पाच वर्षं आधार मिळतो. म्हणजे २०३० पर्यंत कोणाच्या ना कोणाच्या संगणकावर तो असणार. कोड लिहून झाला होता, तपासून झाला होता, फक्त बाहेर पडला नव्हता. (बाईंनी पुढे तेवढी एक दुरुस्ती वेगळी काढून स्थिर आवृत्तीत घालायचा प्रस्ताव मांडला. ते काम खरं तर आमचं होतं.)

मे महिन्यात मी दोन आठवडे निव्वळ वाचन केलं. दुसरे लोक हे कसं करतात? डेबियनवरच उभं असलेलं उबुंटू २००४ पासून दर एप्रिल आणि ऑक्टोबरला येतं. आवृत्तीच्या नावातच वर्ष आणि महिना असतो. एकदाच ते मोठं घसरलं: २००६ ची ६.०४ सहा आठवडे लांबली आणि ६.०६ झाली. ग्नोम हा लिनक्सवरचा डेस्कटॉप सहा-सहा महिन्यांनी. पायथन आधी साधारण दीड वर्षाने यायचं, २०१९ मध्ये ठरलं की दर ऑक्टोबरला. लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, रीत मला सगळ्यात आवडली: दोन आठवडे नवे बदल आत घ्यायचे, मग दार बंद, मग दर रविवारी एक आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजआधीची चाचणी आवृत्ती), सहसा सातव्या-आठव्यापर्यंत, आणि रिलीज. ज्याचं काम दोन आठवड्यांत पोचलं नाही त्याने रडायचं कारण नाही, नऊ-दहा आठवड्यांनी दार पुन्हा उघडतंच. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. तारीख आधी ठरते, आवृत्तीत काय असेल ते नंतर. आम्ही बरोबर उलटं करत होतो.

रविवार, २५ मे रोजी चौघांचा कॉल झाला, सव्वादोन तासांचा. तिघांना तारखेची कल्पना पटली. चौथा आमच्यात सगळ्यात जुना, तो म्हणाला, "तारखेसाठी अर्धवट काम बाहेर ढकलणार का? मग पगारी नोकरीत आणि यात फरक काय राहिला?" त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही, आणि अजूनही ते पूर्ण चूक वाटत नाही. शेवटी तोडगा त्यानेच काढला: अर्धवट काम मेन ब्रांचवर येऊच द्यायचं नाही. ते ज्याच्या-त्याच्या ब्रांचवर राहील, पूर्ण झालं आणि आपोआप चालणाऱ्या तपासण्या हिरव्या (म्हणजे पास) झाल्या की आत. मग कोणत्याही मंगळवारी मेनवरून रिलीज काढता आलं पाहिजे. ही अट पाळायला आम्हाला अख्खा जून लागला, कारण मेनवर आधीच तीन अर्धवट गोष्टी होत्या. दोन उचलून बाहेर काढल्या. तिसरी मी लिहिलेली होती. ती काढताना जीवावर आलं, पण काढली.

आता तारीख. इथे मी एक चूक जवळजवळ केलीच होती: आजपासून पुढे मोजायची. 'जूनमध्ये हे, जुलैमध्ये ते' असं मांडत गेलं की शेवटची तारीख नेहमी आशावादी येते. त्याऐवजी रिलीजच्या दिवसापासून मागे मोजत आलो आणि मध्ये ज्या तारखा आमच्या हातात नाहीत त्या आधी मांडल्या. पायथन ३.१४ हे ७ ऑक्टोबरला येणार होतं, आणि त्यावर आमचं साधन चालायलाच हवं होतं. त्याच महिन्यात पायथन ३.९ चा आधार संपत होता, म्हणजे ते सोडून द्यायला योग्य वेळ. शिवाय पायथनचीही तारीख हलू शकते. आदल्या वर्षी ३.१३ हे १ ऑक्टोबरऐवजी ७ ला आलं, कारण वापरून झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या (गार्बेज कलेक्शन) यंत्रणेतला एक मोठा बदल ऐनवेळी मागे घेऊन जादा आरसी काढावी लागली. म्हणून आमच्या आणि त्यांच्या तारखेत महिन्याभराची फट ठेवली.

भाषांतरकारांना मी थेट विचारलं, किती वेळ हवा? मला वाटलं होतं दहा दिवस पुरतील. उत्तर आलं, "दिवस मोजू नका, शनिवार-रविवार मोजा. किमान तीन हवेत." आठवड्याच्या मधल्या दिवशी कोणी हे काम करत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरं तर मीही करत नाही. हा सल्ला भाषांतरापुरता नाही. स्वयंसेवकांच्या कुठल्याही प्रकल्पात 'दोन आठवडे' म्हणजे चार दिवसच असतात.

अशा रीतीने आलेलं वेळापत्रक हे होतं: १६ सप्टेंबरला फीचर फ्रीज, म्हणजे त्यानंतर फक्त दुरुस्त्या. ३० सप्टेंबरला बीटा, म्हणजे पहिली चाचणी आवृत्ती, आणि त्याच दिवशी स्ट्रिंग फ्रीज, म्हणजे पडद्यावर दिसणारं एकही वाक्य त्यानंतर बदलायचं नाही. २४ ऑक्टोबरपर्यंत भाषांतरं. २८ ला आरसी १. आणि ११ नोव्हेंबरला ३.०. सगळे टप्पे मंगळवारचे, एक भाषांतरांचा शुक्रवार सोडला तर. सोमवारी लोक साचलेल्या कामात असतात आणि शुक्रवारी काढलेल्या आवृत्तीचा बग शनिवारी सापडतो.

मंगळवार कोणाचा, हाही प्रश्न निघाला. आमच्यातले दोन टोकांचे दोघं घड्याळाने अकरा तासांच्या अंतरावर आहेत. शेवटी असं लिहिलं की पृथ्वीवर कुठेही तो दिवस शिल्लक असेपर्यंत मुदत, म्हणजे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) बारा तास मागच्या घड्याळाने मध्यरात्र. हास्यास्पद वाटतं, पण यावर नंतर एकदाही वाद झाला नाही.

हे सगळं रिपॉझिटरीत (प्रकल्पाचा कोड असतो तिथेच) एका साध्या फाइलमध्ये ठेवलं. त्यात एक परिच्छेद असा होता ज्याने नंतर आम्हाला वाचवलं: रिलीज कशामुळे थांबेल. चारच कारणं लिहिली. वापरणाऱ्याची फाइल खराब होणं किंवा नाहीशी होणं, सुरक्षेतलं छिद्र, नवीन इन्स्टॉलेशन न होणं, आणि २.६ मध्ये नीट चालणारी एखादी मुख्य गोष्ट बंद पडणं. बाकी काहीही असो, कितीही लाजिरवाणं असो, ते ३.०.१ मध्ये. ही यादी शांत डोक्याने जूनमध्ये लिहिली. नोव्हेंबरमध्ये लिहायला बसलो असतो तर प्रत्येकाने आपापला बग त्यात बसवला असता.

मग आलं प्रमाणपत्राचं प्रकरण. विंडोजसाठी आम्ही एक इन्स्टॉलर देतो. तो डिजिटल सहीशिवाय दिला की 'अनोळखी प्रकाशक' असा इशारा येतो आणि निम्मे लोक तिथूनच माघारी फिरतात. ३.० पासून सही करायची असं ठरलं. मी समजत होतो की अर्ध्या तासात एक फाइल विकत मिळेल. पण जून २०२३ पासून नियम असा आहे की सही करायची खासगी किल्ली साध्या फाइलीत देत नाहीत. ती एका हार्डवेअर टोकनमध्ये (संगणकाला खोचायच्या छोट्या उपकरणात) किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत असावी लागते. त्याशिवाय ओळख पटवणं आलं. आमचा प्रकल्प ही कुठे नोंदलेली संस्था नाही, त्यामुळे प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावाने घ्यावं लागलं, म्हणजे माझ्या.

२ जुलैला अर्ज केला. ९ जुलैला ओळखपत्राचा फोटो अस्पष्ट म्हणून परत. ११ ला पुन्हा पाठवला. १८ ला सांगण्यात आलं की अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही. अर्जात मधलं नाव नव्हतं. त्यासाठी अर्ज रद्द करून नवा भरावा लागला आणि रांग पहिल्यापासून. ३१ जुलैला व्हिडिओ कॉलवर चेहरा आणि ओळखपत्र दाखवलं. टोकन टपालाने निघालं आणि १४ ऑगस्टला हातात पडलं. एकूण सहा आठवडे, त्यातलं माझं प्रत्यक्ष काम फार तर तीन तासांचं. पूर्ण रिलीजचा रोख खर्च म्हणाल तर हा एवढाच. चौघांत वाटून घेतला. हे मी सप्टेंबरमध्ये सुरू केलं असतं तर अख्खं वेळापत्रक एका मधल्या नावापायी कोसळलं असतं. तेव्हा अर्जात नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा, अक्षर न् अक्षर. आणि जिथे दुसऱ्या कोणाच्या शिक्क्याची वाट बघायची आहे, ते काम वेळापत्रकात सगळ्यात आधी घ्या, भले त्याची गरज सगळ्यात शेवटी लागणार असो. टोकनचा आणखी एक उपद्रव: सही आता आपोआप सर्व्हरवर होत नाही, ते माझ्या संगणकाला खोचलेलं असावं लागतं. म्हणजे रिलीजच्या दिवशी मी घरी असणं आणि जागा असणं आवश्यक.

१६ सप्टेंबर. फीचर फ्रीज.

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या सगळ्यात मला सगळ्यात जड गेलं ते हे. एका नव्या माणसाने जूनमध्ये एक पुल रिक्वेस्ट पाठवली होती: एकाच वेळी दोन भाषांची सबटायटलं जुळवायची सोय. सुमारे १,४०० ओळी, तपासण्यांसकट, नीट लिहिलेल्या. लोक वर्षानुवर्षं ही सोय मागत होते. आमच्यापैकी कोणीही ती ऑगस्टअखेरपर्यंत उघडून पाहिली नाही. सगळे मेनवरून काढलेली अर्धवट कामं निस्तरत होते. मी पहिला अभिप्राय दिला ६ सप्टेंबरला. त्याने चार दिवसांत सगळ्या सूचना पूर्ण केल्या. १४ ला विंडोजवरच्या तपासण्या लाल झाल्या. फाइलींच्या मार्गातल्या उलट्या तिरक्या रेघांचा काहीतरी घोळ. त्याच्याकडे विंडोज नव्हतं. १६ च्या रात्रीपर्यंत त्या लालच होत्या.

दार बंद करायला मी बसलो तेव्हा आमच्यातल्याच एकाने खासगीत लिहिलं, "दोन दिवस दे ना त्याला. चूक आपलीच आहे." चूक आपलीच होती, हे खरंच होतं. पण त्याला दोन दिवस दिले तर यादीत आणखी तीन जण होते, त्यांनाही द्यावे लागले असते, आणि मग आपण पुन्हा एप्रिलमध्ये. मी साधारण तासभर त्या खिडकीसमोर बसलो. मग लिहिलं की ही सोय ३.० मध्ये येणार नाही, ३.१ मध्ये पहिली मर्ज हीच असेल, ३.१ ची तारीख १२ मे २०२६ आहे, आणि उशीर आमच्याकडून झाला, तुझ्याकडून नाही. शेवटचं वाक्य मी आधी लिहिलं नव्हतं. पाठवण्याआधी घातलं.

नऊ दिवस त्याच्याकडून काहीच आलं नाही. ओपन सोर्समध्ये नऊ दिवसांची शांतता म्हणजे माणूस गेला असं मी समजतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. दहाव्या दिवशी त्याने दोन ओळी लिहिल्या: वाईट वाटलं, पण तारीख दिलीत ते बरं झालं, याआधी दुसऱ्या एका प्रकल्पात त्याचं काम दीड वर्ष 'लवकरच'वर अडकलेलं आहे. मग त्याने बीटा तपासायला घेतली आणि पाच बग शोधले. नाही म्हणताना पुढची तारीख हातात असणं किती उपयोगाचं आहे हे मला तिथे कळलं. तारखेशिवायचा नकार म्हणजे नुसतं हाकलणं.

तुमच्याकडेही फ्रीज ठेवणार असाल तर त्याच्या तीन आठवडे आधी सगळ्या उघड्या पुल रिक्वेस्ट एकदा डोळ्याखालून घाला. कोणती येणार, कोणती नाही, हे तेव्हाच सांगून टाका. मी ते केलं नाही. पुढच्या वेळच्या फाइलमध्ये आता ती ओळ आहे.

फ्रीजनंतर ३.० साठी वेगळी ब्रांच काढली आणि मेन मोकळी ठेवली. दुरुस्ती आधी मेनवर, मग तिथून उचलून रिलीज ब्रांचवर. उलट केलं की एखादी दुरुस्ती मेनवर न्यायची राहते आणि पुढच्या आवृत्तीत तोच बग परत उगवतो.

३० सप्टेंबरला बीटा निघाली, त्यात विशेष काही घडलं नाही. स्ट्रिंग फ्रीज मात्र चौथ्याच दिवशी मोडला, आणि तोही आमच्यातल्याच एकाने, निव्वळ चांगल्या हेतूने. एका संदेशात स्वल्पविराम राहिला होता, तो त्याने घातला. मूळ वाक्यात अक्षर बदललं की भाषांतरासाठीच्या गेटटेक्स्टच्या साधनांत त्याचं भाषांतर 'संदिग्ध' ठरतं आणि कोणी पुन्हा पाहेपर्यंत वापरलं जात नाही. त्या जागी मूळ इंग्रजी दिसू लागतं. एका स्वल्पविरामाने चौदा भाषांतलं ते वाक्य पुसलं गेलं. एका भाषांतरकाराने फक्त एवढंच लिहिलं: "तुम्ही म्हणाला होतात बदलणार नाही." बदल मागे घेतला, माफी मागितली, आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप बांधणी आणि तपासण्या करणाऱ्या यंत्रणेत) एक तपासणी बसवली की रिलीज ब्रांचवर भाषांतराची मूळ फाइल बदलली तर लाल दिवा लागेल. स्वल्पविराम अजून राहिलेलाच आहे. ३.० मध्ये तो नाही, सापडला तर समजून घ्या.

ऑक्टोबर शांत गेला, इतका की भीती वाटावी. बीटावर बगच येत नव्हते. मला वाटलं, वा, उत्तम जमलंय. मग कोणीतरी आठवण करून दिली की पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला, मुद्दाम सांगितल्याशिवाय ते बीटा किंवा आरसी उचलतच नाही. म्हणजे बग नव्हते असं नाही, वापरणारेच नव्हते. मग मी जुन्या इश्यूंमधून ज्यांनी गेल्या वर्षभरात नीट तपशीलवार बग कळवले होते अशा तीस जणांना त्यांच्याच इश्यूवर लिहिलं: तुमचा बग यात दुरुस्त झालाय का, एकदा पाहाल? कमांडही लिहून दिली. तीसपैकी अकरा जणांनी पाहिलं. 'सर्वांनी कृपया तपासा' या घोषणेवर आधी दोनच आले होते.

२८ ऑक्टोबरला आरसी १ वेळेवर निघाली. ८ नोव्हेंबरच्या शनिवारी, रिलीजला तीन दिवस असताना, त्या अकरांपैकी एकीचा संदेश आला. डिस्क भरलेली असताना तिने फाइल त्याच नावाने सेव्ह केली, साधन बंद पडलं, आणि मूळ फाइल शून्य बाइटची झाली. दोन तासांचं काम गेलं तिचं.

मी ते स्वतःच्या संगणकावर करून पाहिलं. दहा मिनिटांत झालं. आम्ही सेव्ह करताना मूळ फाइल आधी रिकामी करून मग तिच्यात लिहीत होतो. खरं तर आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहायची, ती पूर्ण झाली की नाव बदलून मूळ जागी ठेवायची, हे कोणालाही माहीत असलेलं तंत्र आहे. २.६ मध्ये तसं होतंही. ऑगस्टमध्ये कोड 'सोपा' करताना ते गेलं. सोपा कोणी केला हे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने लगेच सांगितलं, मीच.

एप्रिलमध्ये असं झालं असतं तर आठवडाभर चर्चा झाली असती. या वेळी एकाने फक्त फाइलमधल्या त्या परिच्छेदाची लिंक टाकली: कारण पहिलं, वापरणाऱ्याची फाइल नाहीशी होणं. बारा मिनिटांत चौघांचाही होकार. ११ नोव्हेंबरला रिलीजऐवजी आरसी २, आणि रिलीज एक आठवड्याने. आणखी एक गोष्ट तेव्हाच ठरवली: या आठवड्यात त्या एका दुरुस्तीशिवाय दुसरं काहीही आत जाणार नाही. लांबलेल्या आठवड्यात लोक 'आता वेळ आहेच तर' म्हणत येतात. तिघं आलेच.

तारीख हलली हे जाहीर करताना मला वाटलं लोक नाराज होतील. कोणी काही म्हणालं नाही. नवी तारीख आणि कारण एकाच वाक्यात होतं, बहुधा म्हणून.

१८ नोव्हेंबर. सकाळी सहाला उठलो. चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, आदल्या रात्रीच तयार होता. कोडवर आवृत्तीचा सहीचा टॅग (खूण) लावला, ढकलला. पॅकेज बांधलं, पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारावर चढवलं. टोकन खोचून विंडोजचा इन्स्टॉलर सही केला. पासवर्ड पहिल्यांदा चुकला तेव्हा हात थरथरले, कारण काही चुकांनंतर ते टोकन बंद होतं. सव्वाआठला घोषणा गेली. मी अंघोळीला गेलो.

परत आलो तर तीन संदेश: पायपीआयवरून घेतलेल्या पॅकेजमध्ये सगळ्या भाषा गायब, नुसतं इंग्रजी. भाषांतरांच्या फाइली बांधणीआधी एमओ या संगणकाने वाचायच्या रूपात बदलाव्या लागतात. ती पायरी सीआयमध्ये होती आणि आरसी सीआयने बांधल्या होत्या. आज टोकन माझ्याकडे म्हणून सगळंच मी घरच्या संगणकावर बांधलं, आणि ती पायरी राहिली. तीन शनिवार-रविवार खपलेल्या चौदा भाषांच्या लोकांना पहिल्याच दिवशी हे दिसलं. पायपीआयवर एकदा चढवलेली फाइल त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही, काढून टाकली तरी नाही. आणि लोकांनी ओढून घेतलेला टॅग गुपचूप हलवणं त्याहून वाईट. म्हणून ३.० यँक केली, म्हणजे ती दिसते पण नेमकी तीच मागितल्याशिवाय नव्याने कोणाला मिळत नाही, आणि या वेळी सीआयने बांधून साडेअकराला ३.०.१ काढली. आमच्या ३.० चं आयुष्य सव्वातीन तासांचं. रंगीत तालीम करायची तर ज्या संगणकावरून, ज्या हातांनी खरा प्रयोग होणार, त्यांनीच करा.

जूनपासून मी वहीत तास मांडत होतो. माझे एकूण १३२ झाले. त्यातले कोड लिहिण्याचे ३१. बाकी इश्यू चाळणं, लोकांना लिहिणं, प्रमाणपत्र, चेंजलॉग, आणि कॉल. पहिल्या ६१ पैकी ३.० मध्ये किती गेले तेही मोजलं: २७. उरलेल्यांपैकी चौदा कोणालाच नको होते, ते बंद केले. बाकीचे वीस पुढे ढकललेत, आणि अजून तरी कोणी त्यांची आठवण काढलेली नाही. दोन भाषांची सोय २० नोव्हेंबरला मेनवर मर्ज झाली. विंडोजचा घोळ शेवटी भाषांतरकारांपैकीच एकाने सोडवला.

काल डेबियनच्या बाईंचा ईमेल आला. ३.०.१ त्यांनी अनस्टेबलमध्ये (डेबियनच्या विकासाच्या शाखेत) चढवली आहे, कॉपीराइटच्या फाइलमध्ये एक वर्ष चुकलंय तेवढं दुरुस्त करा, आणि पुढची आवृत्ती कधी? मी लिहायला घेतलं, "तारीख रिपॉझिटरीतल्या फाइलमध्ये आहे." पाठवण्याआधी सहज फाइल उघडून पाहिली. पहिल्याच ओळीत अजून '३.०: ११ नोव्हेंबर' होतं. ते बदललं, खाली १२ मे लिहिलं, कमिट केलं, आणि मग उत्तर पाठवलं.